सोयाबीन, बुलढाणा जिल्ह्यातील : उत्पादन आणि दाण्याचा कस

बुलढाणा जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख, जवळजवळ सर्वस्वी पावसावरचे पीक. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग पाडले आहेत. चिखली, मेहकर, लोणार या घाटावरच्या तालुक्यांत सोयाबीनचा जोर आहे. तिथे एकाच शिवारात हलकी मुरमाड आणि भारी काळी अशी दोन्ही राने सापडतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी जमीन असून कपाशीची वहिवाट जुनी आहे. खारपाणपट्ट्यातल्या चोपण जमिनीत पाण्याचा निचरा फार सावकाश होतो.

७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर पेरणी करतात. बी ३ ते ४ सेंमीपेक्षा खोल पडू नये, कारण या पिकाची डाळिंबी माती फोडून वर येते. पेरणीमागून जोराचा पाऊस होऊन पापुद्रा धरला, तर कोंबाची मान मोडते. पेरणी लांबली की दिवस लहान होऊ लागल्याने झाड खुजे असतानाच फुलावर येते आणि शेंगा कमी लागतात.

दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. एक वाढले की दुसरे बहुधा घटते. प्रथिनांना लागणारा बराचसा नत्र मुळांवरच्या गाठी हवेतून मिळवतात. गाठ नखाने फोडल्यास आत गुलाबी दिसली, तर ती काम करते आहे असे समजावे. झडीचे पाणी साचले की गाठींना हवा मिळत नाही आणि पीक पिवळे पडते. रुंद वरंबा-सरीचा खरा उपयोग इथे आहे. गंधक कमी पडले तर प्रथिनांतली मेथिओनिन व सिस्टीन ही अमिनो आम्ले घटतात. सोयाबीनची ही बाजू मुळातच लंगडी असल्याने गंधकाकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

उत्पादनाचा निकाल मात्र शेंगा भरताना लागतो. ऑगस्टअखेरीस पावसाने ओढ दिली की हलक्या रानातला दाणा बारीक व सुरकुतलेला राहतो. म्हणून अशा रानात जेएस ९३०५ सारखे लवकर येणारे वाण बरे. फुले संगमसारख्या उशिराच्या वाणाला ओल धरणारी जमीन हवी. दाणे भरताना उष्णता जास्त असेल, तर तेलातले ओलेइक आम्ल वाढते आणि लिनोलेनिक घटते.

सोंगणीच्या तोंडावर आलेला परतीचा पाऊस सर्वांत घातक. शेंगेतच दाणा डागतो, बुरशी येते, कधी कोंबही फुटतात. तेलातली आम्लता वाढते आणि उगवणशक्ती जाते. घरचे बियाणे ठेवणाऱ्याचा पुढचा हंगामही त्यामुळे अडचणीत येतो. किमान ७० टक्के उगवण हवी. ती ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून घरीच पाहता येते.

बाजार समितीत मूठभर माल तळहातावर घेऊन डाग, माती व ओलावा पाहिला जातो. प्रथिने कोणी मोजत नाही, म्हणून कसदार दाण्याला वेगळा भाव नाही. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती.