आजीची भूक, नातवाचे पोट

"लठ्ठपणा हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा आजार. आपल्या वस्त्यांशी त्याचा काय संबंध?" असे आपलेच काही कार्यकर्ते विचारतात. संबंध आहे. माणसाच्या पोटाला त्याच्या ताटाचा इतिहास असतो आणि ताटाला मिळकतीचा.

गावगाड्याने महाराला राबवले, पण मजुरी दिली नाही. बलुते दिले, शिळे तुकडे दिले, मेलेले ढोर दिले. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे सोडण्याचे आवाहन केले. 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. स्वाभिमान आणि रोख मजुरी ही एकाच लढ्याची दोन टोके होती. पुढे 1959 मध्ये वतने गेली, पण पोटापुरती जमीन फार थोड्यांच्या हाती आली.

मग 1972 चा दुष्काळ आला. आपल्या आज्या खडी फोडायला गेल्या. ताटात अमेरिकेचा लाल मिलो आणि सुकडी. त्यांतल्या कितीतरी तेव्हा गरोदर होत्या. ही भूक त्यांच्याबरोबर संपली का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधील बाळांचे 3.5 किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू. कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. आईच्या पोटात उपासमार सोसलेले शरीर चरबी राखून ठेवते. असे मूल मोठेपणी स्वस्त तेल-साखरेच्या बाजारात आले की पोट सुटते आणि मधुमेह लवकर गाठतो. हातपाय काडीसारखे, पोट मात्र पुढे! वस्तीत अशी माणसे आपण रोज पाहतो.

आता जामनेरकडे या. तालुका कापसाचा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हंगाम संपला की हात रिकामे. दादर ज्वारीची आणि कळण्याची भाकरी हे खानदेशाचे रोजचे जेवण. पण रेशनवर वर्षानुवर्षे मुख्यतः गहू आणि तांदूळच आला. 1994 मध्ये खाद्यतेलाची आयात खुली झाली आणि पामतेल वस्तीपर्यंत पोहोचले. आज दहा रुपयांत वडापाव किंवा बिस्किटपुडा मिळतो. दहा रुपयांत डाळ, पालेभाजी आणि अंडे मिळत नाही. ज्याची मिळकत रोजची आणि बेभरवशाची, तो सर्वांत स्वस्त पोटभरीचेच विकत घेतो. याला "जिभेवर ताबा नाही" म्हणणे म्हणजे व्यवस्थेचा दोष माणसाच्या माथी मारणे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 2015-16 मध्ये 20.6 टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. 2019-21 मध्ये 24 टक्के झाल्या. त्याच वेळी 18.7 टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश होत्या. एकाच देशात दोन्ही टोके! आपल्याकडे अजून श्रीमंतांत लठ्ठपणा जास्त आहे, हे खरे. पण श्रीमंत देशांत तो गरिबांच्या, विशेषतः गरीब स्त्रियांच्या, वाट्याला आला. रिचर्ड विल्किन्सन आणि केट पिकेट यांनी 2009 च्या त्यांच्या पुस्तकात दाखवले की श्रीमंत देशांमध्ये जिथे उत्पन्नाची दरी मोठी, तिथे लठ्ठपणाही जास्त. अमेरिका एका टोकाला, जपान दुसऱ्या. दरीमुळे ताण वाढतो, असुरक्षितता वाढते, आणि स्वस्त गोड-तळलेले तोच दिलासा उरतो. आपण त्याच रस्त्यावर आहोत.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेला बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विरोधाभास फार काळ चालणार नाही. तो विरोधाभास आज आपल्या शरीरात उतरला आहे.

म्हणून तरुणांनो, 14 एप्रिलला डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग काढून विहारात रक्तदाब, साखर आणि कंबर मोजण्याचे शिबिर घ्या. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 च्या वर गेली की धोक्याची खूण. पण तेवढ्यावर थांबू नका. रेशनवर ज्वारी, डाळ आणि तेल मागा. अंगणवाडीत गरोदर मातेला अंडे मागा. शेतमजुराला किमान वेतन मिळते का, याचा जाब तहसीलमध्ये विचारा. आजच्या आईचे ताट भरले, तरच उद्याच्या नातवाचे शरीर सुधारेल.

जय भीम!