दहा शिलिंगांचा परवाना

२०२५ सालच्या उन्हाळ्यांत लंडनजवळच्या एका उपनगरांतून माझ्या भाच्याचें पत्र आलें. गेलीं वीस वर्षें तो तेथें सहकुटुंब राहतो. घरची खुशाली कळविल्यावर त्यानें एक व्यवहारांतला प्रश्न विचारला होता. घरच्या दूरचित्रवाणीच्या परवान्याची मुदत संपत आली होती, आणि तो आणखी एका वर्षासाठीं घ्यावयाचा तर १७४ पौंड ५० पेन्स भरावयाचे होते. मुलें तो संच क्वचितच लावतात. त्यांना हवें तें तीं आपापल्या मोबाइलवर पाहतात. त्याच्या पत्नीचें म्हणणें, जें आपण पाहत नाहीं त्याचे पैसे कां भरावे? भाच्याचें म्हणणें, वीस वर्षें भरलेली पट्टी नुसत्या कंटाळ्यानें कशी टाकावी? "मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकविलात; आतां निकाल तुम्हींच द्या," असा पत्राचा शेवट होता.

इतिहासाच्या शिक्षकाला सल्ला विचारण्यांत एक धोका असतो. उत्तर देण्यापूर्वीं तो शंभर वर्षें मागें जाऊन येतो. श्रोतेहो, मीहि आज तेंच करणार आहें. कारण ह्या पट्टीचा जन्म कसा झाला हें पाहिल्यावांचून ती भरावी कीं न भरावी हें सांगतां येईल, असें मला वाटत नाहीं.

१९०४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें बिनतारी तारायंत्राचा कायदा केला. त्या वेळीं गाणीं, भाषणें किंवा बातम्या आकाशांतून घरोघर येतील हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. जहाजांचे संदेश, आरमार आणि टपालखात्याचा मक्ता एवढाच त्या कायद्याचा विषय होता. पोस्टमास्तर-जनरलच्या परवान्याशिवाय कोणींहि बिनतारी यंत्र उभारूं अथवा चालवूं नये, असें त्यांत म्हटलें होतें. म्हणजे परवाना हा मूळांत कोणत्याहि मालाची किंमत नव्हता. ती केवळ परवानगी होती. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढील शंभर वर्षांचा सगळा घोटाळा परवानगीला किंमत समजण्यांतून झालेला आहे.

१९२२ सालीं विलायतेंतील बिनतारी यंत्रें करणाऱ्या कारखानदारांनीं एकत्र येऊन ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. त्यांचा हेतु सरळ होता. ऐकावयास कांहींच नसेल तर संच विकत कोण घेणार? १४ नोव्हेंबर १९२२ रोजीं लंडनहून रोजचें ध्वनिक्षेपण सुरू झालें. ऐकणारानें टपालकचेरींत वर्षाला दहा शिलिंग भरून परवाना घ्यावयाचा, त्यांतील निम्मी रक्कम कंपनीला मिळावयाची, आणि संचहि कंपनीच्या शिक्क्याचाच असावयाचा, अशी योजना ठरली.

योजना निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून लोक तींतून पळवाटा शोधूं लागले. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळावी, एक स्फटिक मिळवावा, कानाला श्रवणयंत्र लावावें, कीं झाला घरचा संच! अशा घरगुती संचावर कंपनीचा शिक्का कोठून येणार? मग हजारों लोकांनीं आपण शास्त्रीय प्रयोग करीत असल्याचें सांगून प्रयोगकर्त्यांचे परवाने मागितले, आणि पुष्कळांनीं कांहींच न मागतां ऐकावयास आरंभ केला. तेव्हां पट्टी चुकविण्याची कला पट्टीइतकीच जुनी आहे, हें भाच्याच्या पत्नीला कळवावयास हरकत नाहीं.

ह्या गोंधळांतून मार्ग काढण्यासाठीं १९२३ सालीं सर फ्रेडरिक साइक्स यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमण्यांत आली. हें नांव आपल्याकडे निराळ्या कारणानें परिचित आहे. १९२८ ते १९३३ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते ते हेच साइक्स. सविनय कायदेभंगाचा आणि सोलापूरच्या लष्करी कायद्याचा काळ तो त्यांच्याच कारकीर्दींतला. त्यांच्या समितीपुढें प्रश्न होता कीं, ह्या नव्या शक्तीचा खर्च सोसावा कोणी? सरकारनें सोसला तर ती सरकारची वाणी होईल. जाहिरातदारानें सोसला तर ती बाजाराची वाणी होईल. समितीनें जाहिरातींचें उत्पन्न नाकारलें, आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असें मानलें, आणि सर्वांना सारखा असा दहा शिलिंगांचा एकच परवाना सुचविला. ज्यानें ऐकावें त्यानेंच थोडें थोडें भरावें, म्हणजे ती वाणी कोणा एकाची मिंधी राहणार नाहीं, हा त्यामागील विचार होता.

विचार उत्तम होता. परंतु थैली श्रोत्याची झाली तरी थैलीची दोरी कोणाच्या हातीं, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याची परीक्षा लवकरच झाली. मे १९२६ मध्यें विलायतेंत कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. वर्तमानपत्रें बहुतेक बंद पडलीं आणि लोकांचे कान नभोवाणीकडे लागले. कंपनी सरळ ताब्यांत घ्यावी, असें अर्थमंत्री चर्चिल यांचें मत होतें. पंतप्रधान बाल्डविन यांनीं तें मानलें नाहीं. पण कंपनीचे व्यवस्थापक जॉन रीथ यांनींहि मजूरपक्षाचे पुढारी रॅम्से मॅक्डोनल्ड यांना बोलूं दिलें नाहीं, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांचें समेटाचें आवाहन संप चालू असतां रोखून धरलें. संस्था वांचली खरी. परंतु श्रोत्याचे दहा शिलिंग तिला त्या दिवसांत पुरतें धैर्य देऊं शकले नाहींत. १ जानेवारी १९२७ पासून कंपनी जाऊन राजसनदेचें सार्वजनिक मंडळ आलें. तेंच आजचें बी. बी. सी.

त्यानंतरची हकीकत भराभर सांगतां येते. १९३९ सालापर्यंत परवानेदारांची संख्या नव्वद लाखांच्या घरांत गेली. दूरचित्रवाणी १९३६ सालीं सुरू झाली, महायुद्धांत बंद पडली, आणि जून १९४६ मध्यें पुन्हां सुरू झाली तेव्हां तिच्यासाठीं दोन पौंडांचा परवाना निघाला. १९५२ सालीं विनापरवाना संच हुडकणाऱ्या मोटारी रस्त्यांवर फिरूं लागल्या. १९५५ सालीं जाहिरातींवर चालणारी दुसरी दूरचित्रवाणी निघाली, आणि भाच्याच्या घरांत आज जो वाद चालला आहे तो तेव्हांच घरोघर सुरू झाला. कारण केवळ ती दुसरी वाहिनी पाहणारालाहि पहिलीची पट्टी चुकली नाहीं. फेब्रुवारी १९७१ पासून नभोवाणीचा वेगळा परवाना रद्द झाला. तिचा खर्च तेव्हांपासून दूरचित्रवाणीचे परवानेदार सोसतात. १९८६ सालीं पीकॉक समितीनें जाहिरातींचा मार्ग पुन्हां नाकारला. सप्टेंबर २०१६ पासून मंडळाचे कार्यक्रम आयप्लेअरवर मागाहून पाहणारालाहि परवाना लागूं लागला.

ह्या पट्टीविरुद्धच्या तक्रारी खोट्या नाहींत. ती लक्षाधीशाला आणि मजुराला सारखीच. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना २००० सालीं सवलत मिळाली. पुढें सरकारनें तिचा भार मंडळावर ढकलला, आणि ऑगस्ट २०२० पासून ती केवळ निर्धनतेचें सरकारी साहाय्य घेणाऱ्या वृद्धांपुरती उरली. परवान्याशिवाय पाहणें हा इंग्लंडांत फौजदारी गुन्हा आहे. दंड हजार पौंडांपर्यंत होऊं शकतो. ह्या गुन्ह्यांत शिक्षा होणाऱ्यांमध्यें स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक असल्याचें अलीकडच्या आंकड्यांवरून दिसून आलें. त्याचें कारण स्त्रिया अधिक अप्रामाणिक असतात हें नव्हे. तपासनीस दारीं आला असतां दार उघडावयास घरांत बहुधा तीच असते! शिवाय पट्टीची रक्कम सरकारच ठरवितें. २०१० सालीं तें सहा वर्षांसाठीं गोठविण्यांत आलें, आणि परदेशासाठीं होणाऱ्या ध्वनिक्षेपणाचा खर्चहि त्यांतूनच भागवावा असें ठरलें. दोरी कोणाच्या हातीं, ह्याचें उत्तर अशा वेळीं मिळतें.

मग पट्टी नसावी हेंच बरें काय? ह्याचें उत्तर शोधावयास मला विलायतेंत जावें लागत नाहीं. तो प्रयोग आपल्या घरीं झालेला आहे.

२३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र उघडलें. सांचा विलायतीच होता. परवाना वर्षाला दहा रुपयांचा, त्यांतील आठ कंपनीला. पण तेथें जें लाखांनीं झालें तें येथें हजारांवरच अडलें. पहिलें वर्ष संपतांना साऱ्या देशांत परवाने साडेतीन हजारांच्या आसपास, आणि १९२९ च्या अखेरीस आठ हजारांच्या आंतच. संच महाग, केंद्रें दोनच, आणि चुकविणारे भरपूर! मार्च १९३० मध्यें कंपनीचें दिवाळें वाजलें. सरकारनें काम हातीं घेतलें, आणि ऑक्टोबर १९३१ मध्यें काटकसरीसाठीं तें बंद करण्याचा हुकूम काढला. तेव्हां मुंबई-कलकत्त्याच्या श्रोत्यांनीं आणि व्यापाऱ्यांनीं ओरड केली, आणि दीड महिन्याच्या आंत सरकारला हुकूम मागें घ्यावा लागला. मूठभर लोक होते. पण त्यांनीं पैसे भरले होते, म्हणून त्यांच्या तक्रारीला वजन होतें. ज्या नभोवाणीवरून मी हें बोलत आहें, ती त्या मूठभरांच्या ओरडीमुळें वांचली असें म्हणावयास हरकत नाहीं.

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं परवान्याची एक पुस्तिका असे. दरवर्षीं वडील ती घेऊन पोस्टांत जात आणि तिकीट चिकटवून, शिक्का मारून आणीत. एखाद्या संध्याकाळीं खरखर फार झाली कीं ते रागानें म्हणत, "आपण पैसे भरतों, फुकट ऐकत नाहीं." त्या एका वाक्यांत नागरिकाचा केवढा हक्क भरलेला होता हें तेव्हां मला कळत नव्हतें.

नोव्हेंबर १९६७ मध्यें मुंबई, पुणें व नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १९७६ पासून दूरदर्शनवरहि आल्या. पुढील दशकाच्या मध्यास घरगुती संचांचा परवानाच रद्द झाला. पोस्टांतील हेलपाटा चुकला म्हणून घरोघर आनंद झाला, मलाहि झाला. पण त्यानंतर खर्च चालला तो सरकारी अनुदानावर आणि जाहिरातींवर. पुस्तिकेबरोबर वडिलांचें तें वाक्यहि घरांतून गेलें.

येथें प्रामाणिकपणें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आणीबाणींत, १९७५ ते १९७७ या काळांत, परवाना अस्तित्वांत होता. आमचे वडील पैसे भरीतच होते. तरीहि आकाशवाणी सरकारचेंच बोलली. कारण ते पैसे एका सरकारी खात्याचे होते. स्वतंत्र मंडळ नव्हतें. तें व्हावें अशी शिफारस वर्गीज समितीनें १९७८ सालीं केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० सालीं झाला आणि प्रत्यक्षांत १९९७ सालीं अमलांत आला. म्हणजे थैली श्रोत्याची असून भागत नाहीं. दोरीहि सत्तेच्या हाताबाहेर असावी लागते. विलायतेंत थैली श्रोत्याची राहिली, दोरी अर्धीच सुटली. आपल्याकडे दोरी सुटण्यापूर्वींच थैली गेली.

दुसरे मार्ग नाहींत असें नाहीं. जर्मनींत २०१३ पासून संच असो वा नसो, दर घरामागें वर्गणी घेतात. फिनलंडांत त्याच वर्षापासून उत्पन्नाच्या मानानें कर घेतात. त्यामुळें गरिबावरचा अन्याय टळतो. फ्रान्सनें २०२२ सालीं पट्टी रद्द केली आणि सरकारी करांतून पैसे देऊं केले. ह्यांतील निवड पार्लमेंटानें करावयाची असते, एकट्या भाच्यानें नव्हे. पण त्याला आपल्या दारापुरता निर्णय घ्यावाच लागतो.

मीं त्याला लिहिलें तें असें: "घरांत कोणत्याहि वाहिनीचा चालू कार्यक्रम कोणी पाहत नसेल, आणि मंडळाचे कार्यक्रम आयप्लेअरवरहि पाहत नसाल, तर कायद्यानें तुम्हांला परवाना लागत नाहीं. तसें कळवून मोकळे व्हा; त्यांत लाज नाहीं. पाहत असाल तर चुकवूं नका. परंतु दोहोंपैकीं कांहींहि करण्यापूर्वीं आपण किती तास पाहतों एवढाच हिशेब मांडूं नका. गांवच्या वाचनालयाची वर्गणी आपण वाचलेल्या पुस्तकांच्या संख्येनें भरीत नसूं. पट्टी अन्यायाची वाटत असेल तर आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहून ती न्याय्य करावयास सांगा. मी तुझ्या जागीं असतों तर भरली असती, आणि तें पत्रहि लिहिलें असतें."

महिन्याभरानें त्याच्या पत्नीचें उत्तर आलें. तिनें लिहिलें होतें, "मामा, हिशेब केला. दूरचित्रवाणी आम्ही आठवड्यांत एखाद्या तासाहून अधिक पाहत नाहीं. पण स्वयंपाकघरांतला रेडिओ मी रोज सकाळीं लावतें, आणि त्याचे पैसे आजवर कोण भरीत होतें हा विचार कधीं मनांत आला नव्हता. तूर्त एक वर्ष भरलें आहे. प्रतिनिधीला पत्र मात्र मी लिहिणार आहें; कारण दारावर कोणी आलें तर दार मलाच उघडावें लागतें."

माझ्या इतिहासापेक्षां तिचा निकाल मला अधिक समतोल वाटला.