न बांधलेल्या विमानाची ओळख

नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, त्या सुमारास आम्ही बेलापुरास एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. उलव्याची टेकडी फोडून आणि नदीचा प्रवाह वळवून तयार केलेल्या त्या विस्तीर्ण सपाटीविषयीं बोलणें चाललें असतां यजमानांच्या नातवानें शाळेच्या प्रदर्शनासाठीं केलेला एक तक्ता आणून दाखविला. मध्यभागीं पक्ष्यासारखे पंख आणि शेपूट असलेल्या एका यंत्राचें चित्र होतें, व त्याखालीं ठळक अक्षरांत लिहिलें होतें : ‘मरुत्सखा. शिवकर बापूजी तळपदे. चौपाटी, मुंबई, १८९५.’ यजमानांस त्या तक्त्याचा मोठा अभिमान वाटत होता. तो अभिमान अस्थानीं होता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तें चित्र मरुत्सखाचें नव्हतें.

बांधलेल्या विमानाची ओळख पटविणें तुलनेनें सोपें असतें. तें मोडलें तरी त्याचे तुकडे राहतात, कारखान्याची वही राहते, पाहणारे लोक राहतात. जें विमान कधीं बांधलेंच नाहीं, त्याचें शरीर म्हणजे कागद. तो कागद कोणी, कोठें व केव्हां केला हें कळलें नाहीं, कीं वाटेल त्यानें त्यास वाटेल तें नांव द्यावें. विल्यम हेन्सन या इंग्रज गृहस्थानें १८४२ सालीं दीडशें फूट लांबीच्या पंखांच्या वाफेच्या विमानाची सनद मागितली. तें पूर्ण आकाराचें विमान कधींच झालें नाहीं, लहान प्रतिकृतीहि नीट उडाली नाहीं. तथापि भांडवल गोळा करण्याच्या हेतूनें त्याचीं जीं चित्रें छापलीं गेलीं, त्यांत तें लंडनवरून, मिसरच्या पिरॅमिडांवरून, इतकेंच नव्हे तर हिंदुस्थानावरूनहि खुशाल उडत आहे! हेन्सनचें नांव व साल त्या चित्रांस चिकटून राहिलें म्हणून आज त्यांची गंमत वाटते. नांव गळून पडलें असतें, तर त्यांच्या आधारें कोणी कोणता इतिहास रचला असता हें सांगवत नाहीं.

मुलाच्या तक्त्यावरील चित्राचें नेमकें तसेंच झालें होतें. तें आहे ‘शकुन’ नांवाच्या विमानाचें, आणि मूळ आलेखाच्या कोपऱ्यांत काढणाऱ्याचें नांव व तारीख स्वच्छ आहे : टी. के. एल्लप्पा, बंगळूर, २ डिसेंबर १९२३. आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या सांगण्यावरून. नकलेची नक्कल होतां होतां तो कोपरा कातरला गेला, आणि उरलेल्या चित्रास अठ्ठावीस वर्षें अगोदरची तारीख मिळाली. एल्लप्पांनीं लेखणी उचलली त्या वेळीं तळपदे हयात नव्हते.

हे आलेख ज्या ग्रंथाचे, त्याचें नांव ‘वैमानिक शास्त्र’. भरद्वाज महर्षींची कृति म्हणून सुब्बराय शास्त्र्यांनीं तो १९१८ ते १९२३ या काळांत तोंडीं सांगितला. त्याचें हिंदी भाषांतर १९५९ सालीं आणि म्हैसूरच्या जोसियर यांचें इंग्रजी भाषांतर १९७३ सालीं निघालें. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशीं चार विमानें आलेखांनिशीं त्यांत आहेत.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभु व गोविंदराजू या पांच अध्यापकांनीं १९७४ सालीं या ग्रंथाची परीक्षा केली. ती करतांना त्यांनीं ग्रंथाचा उपहास केला नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. आधीं त्यांनीं भाषा पाहिली. अनुष्टुभ् छंदांतील सोपें, अर्वाचीन संस्कृत. वैदिक रूपांचा मागमूस नाहीं. मग ग्रंथाच्या अस्तित्वाचे धागेदोरे मागें मागें नेऊन पाहिले. ते विसाव्या शतकाच्या आरंभापलीकडे जाईनात. नंतर आलेख पाहिले. त्यांत दट्टे, नळकांडीं, दंतचक्रें अशीं जीं यंत्रांगें आहेत, तीं स्थानिक अभियांत्रिकी विद्यालयांत काम करणाऱ्या एल्लप्पांच्या नित्य परिचयाचीं होतीं. आणि श्लोकांत जें वर्णिलें आहे त्याचा या आलेखांशीं मेळच बसत नाहीं. शेवटीं त्यांनीं साधा हिशेब केला : वजन किती, उचल किती, रेटा कोणत्या दिशेस. रुक्म विमानांत वरून हवा खेंचून उभ्या नळ्यांतून खालीं सोडावी, ही कल्पना तरी समजण्याजोगी आहे. पण चारांपैकीं एकहि उडण्याच्या लायकीचें नाहीं, आणि ग्रंथकर्त्यास उड्डाणशास्त्राचें ज्ञान नव्हतें, असा त्यांचा निर्णय झाला. ओळख पटली ती अशी : रचना विसाव्या शतकाच्या आरंभींची, स्थळ कर्नाटक, बांधणी कधींच नाहीं.

येथें मरुत्सखाचें काय, हा प्रश्न उरतोच. चिरा बाजारांत राहणारे, संस्कृताचे व्यासंगी तळपदे यांनीं प्राचीन विमानविद्येचा ध्यास घेतला होता आणि त्या विषयावर मराठींत लिहिलेंहि होतें. १८९५ सालीं चौपाटीवर त्यांचें निर्मनुष्य विमान दीड हजार फूट चढलें, न्यायमूर्ति रानडे व सयाजीराव महाराज तेथें उपस्थित होते, ‘केसरी’नें तें वृत्त दिलें, असें सांगतात. ‘केसरी’च्या अंकाची तारीख देऊन तें वृत्त कोणी पुढें ठेवलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. याच्याशीं ताडून पाहण्याजोगी एक गोष्ट आहे. पुढच्याच वर्षीं, ६ मे १८९६ रोजीं, अमेरिकेंत लँग्ले यांचें वाफेवर चालणारें निर्मनुष्य विमान पोटोमॅक नदीवर सुमारें तीन हजार तीनशें फूट गेलें. त्या वेळीं टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तेथें होते, आणि त्यांनीं घेतलेलें छायाचित्र आजहि पाहावयास मिळतें. लँग्ले आणि तळपदे यांत अंतर आहे तें या एका छायाचित्राचें.

मरुत्सखा पाऱ्याच्या आयनांवर चालत होतें असेंहि अलीकडे ऐकूं येतें. पारा वापरणारें आयनयंत्र अमेरिकनांनीं १९६४ सालीं अवकाशांत खरोखरच चालवून पाहिलें. परंतु त्याचा रेटा इतका अल्प असतो कीं पृथ्वीवर त्यानें साधी वहीहि उचलली जाणार नाहीं. आणि तरीहि जानेवारी २०१५ मध्यें मुंबईंतच भरलेल्या विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला व त्याला वैमानिक शास्त्राचा आधार दिला गेला. बंगळूरचा निर्णय त्या वेळीं चाळीस वर्षांचा जुना झाला होता!

त्या १९७४ च्या लेखांतच एक उल्लेख आहे. तळपदे यांचें नांव सांगणारे तो क्वचितच वाचतात. सुब्बराय शास्त्र्यांच्या आत्मवृत्ताच्या आधारें तेथें म्हटलें आहे कीं, शास्त्र्यांच्या मार्गदर्शनाखालीं मुंबईंत तळपदे यांनीं विमानांच्या प्रतिकृति करून पाहिल्या. त्यांतील एकहि उडाली नाहीं. आम्हांस हें वाक्य चौपाटीच्या साऱ्या कथेहून मोलाचें वाटतें. शब्द प्रमाण मानणारे त्या काळीं पुष्कळ होते. शब्द खरा कीं खोटा हें लांकूड आणि कापड आणून पाहणारा हा मनुष्य होता. दीड हजार फुटांची कथा सांगून आपण त्याच्या हातचें तें खरें काम मात्र पुसून टाकतों.

मुलगा हें सारें ऐकत होता. यजमान थोडे हिरमुसले. त्यांनीं चहाचा विषय काढला. मुलानें मात्र आम्हांस विचारलें कीं, प्रदर्शन परवांवर आलें आहे, नवें चित्र काढण्यास वेळ नाहीं, तर आतां काय करावें? आम्ही म्हणालों, चित्र राहूं दे, फक्त खालचें नांव बदल. त्यानें जुन्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटविली, आणि तीवर लिहिलें : ‘शकुन विमान. आलेख : टी. के. एल्लप्पा, बंगळूर, १९२३. बांधलें नाहीं.’ मग जरा थांबून त्यानें विचारलें कीं, तळपद्यांच्या न उडालेल्या प्रतिकृति दिसत कशा होत्या? त्यांचें चित्र आमच्याजवळ नव्हतें. तक्त्याच्या उजव्या बाजूस त्यानें एक चौकट आंखली, तींत तळपद्यांचें नांव घातलें, आणि आंतली जागा कोरी ठेवली.