अनोळखी विषय आणि इंग्रजीची तोंडी परीक्षा : १९१३ पासूनचा एक धडा

१/ परीक्षक एक कार्ड पुढे ठेवतो. त्यावरच्या विषयाचा आपण कधी विचारही केलेला नसतो. मनात येते, 'आपले वाचनच कमी पडले.' एके काळी ही भीती रास्त होती. आज ती का उरू नये, हे जाणून घ्यायला १९१३ सालच्या केंब्रिजपासून सुरुवात करावी लागेल.

२/ त्या वर्षी केंब्रिजने परदेशी उमेदवारांसाठी 'सर्टिफिकेट ऑफ प्रॉफिशियन्सी इन इंग्लिश' ही परीक्षा सुरू केली. भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, ध्वनिशास्त्र आणि तोंडी भाग मिळून सुमारे १२ तास. त्यांपैकी वाचन व संभाषणाला मिळून अवघा अर्धा तास. उमेदवार बसले तीन. उत्तीर्ण एकही झाला नाही.

३/ निबंधाच्या विषयांत मॅथ्यू अर्नोल्ड होता, एलिझाबेथकालीन प्रवास व शोध होते, स्थानिक स्वराज्याचा विकास होता. आपण ज्याला १८५७ चा उठाव म्हणतो, तोही 'इंडियन म्युटिनी' या नावाने होता. भाषा उत्तम येत असूनही हा इतिहास ठाऊक नसेल, तर लिहिणार काय? येथे भाषेबरोबर ज्ञानाचीही परीक्षा होत होती, आणि तीही इंग्लंडच्या नजरेतून पाहिलेल्या ज्ञानाची.

४/ पुढे १९८० साली ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांची 'ईएल्टीएस' परीक्षा आली. तिने निराळा उपाय योजला : वैद्यक, तंत्रज्ञान, समाजशास्त्रे अशा शाखांनुसार वेगवेगळे भाग. ज्याचा जो विषय, त्याला तो. १९८९ मध्ये 'आयईएल्टीएस' आली, तेव्हाही वाचन-लेखनात शाखांची विभागणी होतीच.

५/ परंतु एका शाखेचे सगळे विद्यार्थी तरी सारखे कुठे असतात? कोणता उतारा कोणाच्या 'ओळखीचा', हे ठरवणे अवघड होते. अखेर १९९५ मध्ये उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या सर्वांना एकच वाचन व लेखन भाग ठेवण्यात आला.

६/ आजच्या तिच्या तोंडी परीक्षेला ११ ते १४ मिनिटे लागतात. कार्ड मिळाल्यावर एक मिनिट तयारी, मग एक ते दोन मिनिटे बोलणे. गुणांचे निकष चार : ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. 'विषयाची माहिती' हा पाचवा निकष नाही.

७/ समजा, कार्डावर एखाद्या जुन्या इमारतीचे वर्णन करायला सांगितले आहे आणि स्थापत्याचा आपल्याला गंधही नाही. तरी गावातला पडका वाडा आठवतोच. तो कोणी बांधला ते ठाऊक नाही, हे इंग्रजीत सांगावे. मग दिंडी दरवाजा, चौक, तिथे खेळलेले खेळ, आज तो पाहून काय वाटते, असे पुढे जावे. अज्ञानाची कबुली हेसुद्धा भाषेतले एक वाक्यच असते. ते नीट बोलता आले, तर पुढचे सुचते. प्रश्न कळला नाही, तर पुन्हा विचारायला सांगावे.

८/ घातक असते ते मौन, आणि पाठ केलेले भाषण ओढूनताणून चिकटवणे. १९१३ च्या त्या तिघांना ठरावीक विषय माहीत असणे भाग होते. आपल्याला फक्त आपल्या ओळखीच्या जगातून त्या अनोळखी विषयापर्यंत वाट काढायची आहे.

लेखनसीमा.