लपविलेला वारस : सातारचे रामराजे

जेजुरीच्या खंडोबापुढे इ. स. १७५२ च्या सप्टेंबर महिन्यात महाराणी ताराबाईसाहेबांनी शपथ घेतली, की सातारच्या गादीवरील रामराजे हे आपले नातू नव्हेत. वय वर्षे सत्त्याहत्तर. याच बाईसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी, ते आपल्या पोटच्या मुलाचे पुत्र होत, असे सांगून त्यांना गादी मिळवून दिली होती. भंडारा उचलून शब्द देणाऱ्या आपणा भाविकांस ही हकीकत ठाऊक असावी म्हणून येथे देत आहे.

छत्रपती राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर वारले. ताराबाईंनी पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून औरंगजेबाशी दिलेली झुंज सर्वश्रुत आहे. परंतु १७१४ मध्ये पन्हाळ्यावर उलटापालट झाली. सवत राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले आणि ताराबाई मुलासह कैदेत पडल्या. कैदेतच १७२६ च्या सुमारास शिवाजी वारले.

पुढची हकीकत ताराबाईंनी सांगितलेली आहे. त्यांच्या सुनेस मुलगा झाला. सवतीकडून त्याच्या जिवास धोका, म्हणून बाळाला गुपचूप किल्ल्याबाहेर काढले. राजाचा मुलगा चारचौघांच्या मुलांसारखा वाढला. पुढे पानगावी बहीण दर्याबाई निंबाळकर यांच्याकडे राहिला. मिसरूड फुटण्याच्या वयात इतर राजपुत्र दरबारात बसून कारभार शिकतात. याला ते कोठून मिळणार? नाव लपवावयाचे म्हणजे शिक्षणही लपले.

शाहू महाराजांना पुत्र नव्हता. ताराबाईंनी नातवाचे गुपित त्यांस सांगितले. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज वारले आणि जानेवारी १७५० मध्ये तेवीस वर्षांचे रामराजे सातारच्या गादीवर बसले. आजीची अपेक्षा होती की नातू आपल्या सल्ल्याने चालेल व पेशव्यांस आवर घालील. ते घडले नाही. तेव्हा नोव्हेंबर १७५० मध्ये, चंपाषष्ठीच्या निमित्ताने किल्ल्यावर बोलावून, आजीने त्यांस कैद केले. पुढे पेशव्यांशी समेट करताना जेजुरीची शपथ झाली. हा गोंधळ्याचा मुलगा, असे त्यांचे म्हणणे. (गोंधळी म्हणजे आईभवानीचा सेवक. त्यात कमीपणा तो कसला?)

आमच्या कचेरीत वारसनोंदीचे अर्ज रोज येतात. काल भाऊ म्हणून सही करणारा आज ओळख नाही म्हणतो. अशा वेळी आम्ही पाहतो, की जबाब केव्हा फिरला आणि का फिरला. ताराबाईंचा स्वार्थ दोन्ही वेळेस होता हे खरे. परंतु नातू आपल्या शब्दात होता तोवर तो खरा होता, आणि शब्दाबाहेर गेल्यावर खोटा ठरला. म्हणून माझे मत पहिल्या जबाबाच्या बाजूचे आहे. तज्ज्ञांत मतभेद आहेत; लेखी पुरावा ठेवला असता तर मूल लपले नसते!

शपथेनंतरही पेशव्यांनी रामराजांना गादीवरून दूर केले नाही. छत्रपती त्यांचेच नाव राहिले, सत्ता पुण्यास गेली. ताराबाई १७६१ च्या डिसेंबरात वारल्या, तोवर रामराजे किल्ल्यावर कैदेतच होते. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्यांचा बंदिवास सैल झाला. १७७७ साली त्यांनी वावीच्या भोसले घराण्यातील मुलगा दत्तक घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले. हा दत्तक मुलगा म्हणजेच दुसरे शाहू महाराज.