ब्रॅडॉकनं लढायचं कोणाशी?

परवा रविवारी भाचा घरी आला होता. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे त्याचं क्रिकेट बुडालेलं. मग आम्ही दोघांनी 'सिंड्रेला मॅन' लावला. मी तो २००५ साली आल्यावर पाहिला होता, पण मध्ये इतकी वर्षं गेली की नव्यानंच पाहिल्यासारखं झालं. महामंदीत गोदीवर हमाली करणारा, सरकारी मदतीच्या रांगेत उभा राहणारा, हात मोडलेला जेम्स ब्रॅडॉक परत रिंगमध्ये उतरतो आणि १३ जून १९३५ ला मॅक्स बेअरला हरवून हेवीवेटचा जगज्जेता होतो. मदत म्हणून घेतलेले पैसे त्यानं सरकारला परत केले, हेही खरंच घडलेलं. (बेअरला मात्र सिनेमावाल्यांनी उगाच राक्षस केलाय. खरा बेअर तसा नव्हता. असो.)

सिनेमा संपला. भाचा म्हणाला, "मामा, पण पुढची मॅच कोणाशी?"

सिनेमावाले जिथे थांबतात तिथेच गोष्ट सुरू होते, हे पोरानं बरोबर पकडलं. त्याला मी तेव्हा अर्धवट काहीतरी सांगितलं. नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून हा लेख.

आधी थोडं विषयांतर. आमचे आजोबा आम्हाला यात्रेतल्या कुस्त्यांना न्यायचे. मोठ्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असत, पण बारक्या पैलवानांच्या जोडी मैदानातच लागत. पंच एका पोराचा हात धरून फिरवायचे, समोरून दुसरा कोणी यायचा, दोघांना शेजारी उभं करून बघायचे. जोड बरोबर नसली की लोक बसल्या जागेवरून ओरडत. आजोबा म्हणायचे, कुस्ती अर्धी जोड लावतानाच होते. तेव्हा ते कळत नव्हतं. ब्रॅडॉकच्या पुढच्या लढतीबद्दल वाचताना कळलं.

तर १९३५ च्या उन्हाळ्यात ब्रॅडॉकसमोर नावं होती ती अशी. पहिलं, जो लुई. अलाबामात जन्मलेला, डेट्रॉइटमध्ये वाढलेला एकवीस वर्षांचा काळा पोरगा. त्यानं त्याच जूनमध्ये प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत आणि सप्टेंबरमध्ये खुद्द बेअरला चौथ्या फेरीत आडवं केलं. म्हणजे दोन माजी जगज्जेते तीन महिन्यांत. दुसरं, मॅक्स श्मेलिंग. जर्मन, तिशीचा, आणि सगळ्यांच्या मते संपलेला. तोही माजी जगज्जेता, पण १९३२ मध्ये जॅक शार्कीकडून वादग्रस्त निकालात किताब गमावलेला. लुईच्या मंडळींनी सराव म्हणून श्मेलिंगशी लढत ठरवली. श्मेलिंगनं मात्र लुईची आधीची लढत बारकाईनं पाहिली होती. डाव्या हाताचा जॅब मारल्यावर लुईचा हात खाली येतो, आणि तेवढ्या वेळात उजव्याला वाट मिळते, हे त्यानं हेरून ठेवलं होतं. १९ जून १९३६ ला यांकी स्टेडियममध्ये त्यानं ती वाट रात्रभर वापरली आणि बाराव्या फेरीत लुईला झोपवलं. लुईचा हा पहिलाच पराभव.

आता सरळ हिशोबानं आव्हानवीर कोण? श्मेलिंग. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशननंही तेच मान्य केलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डन या कंपनीशी ब्रॅडॉकचा करार झाला. जागा ठरली लाँग आयलंड सिटीमधलं त्यांचं उघडं मैदान, जिथे ब्रॅडॉकनं बेअरला हरवलं होतं. (गंमत म्हणजे १९३२ ते १९३५ ओळीनं चार हेवीवेट विजेते याच मैदानात किताब गमावून बसले होते. त्यातला पहिला श्मेलिंग!) तारीख १९३६ च्या सप्टेंबरची होती, पण ब्रॅडॉकच्या हाताचं दुखणं निघालं आणि लढत ३ जून १९३७ वर गेली.

इथे ब्रॅडॉकचा मॅनेजर जो गोल्ड कामाला लागला.

गोल्डचा विचार साधा होता. आपला माणूस बत्तिशीला टेकलाय, हात दुखतोय, दोन वर्षं खरी लढत खेळलेला नाही. कोणाशीही लढला तरी हरण्याचीच शक्यता जास्त. मग हरायचंच असेल तर कोणाकडून हरलं की पोरांचं भलं होईल? श्मेलिंगशी लढायचं तर न्यूयॉर्कमध्ये नाझीविरोधी संघटनांनी बहिष्काराची हाक दिलेली. हिटलरच्या जर्मनीचा माणूस, जिंकल्यावर 'हिंडेनबर्ग' या वायुनौकेतून घरी परतलेला, त्याच्या विजयाची फिल्म जर्मनीत थेटरांत दाखवलेली. तिकिटं खपणार नाहीत. शिवाय किताब एकदा बर्लिनला गेला की तो परत येईल याची खात्री कोण देणार? लुईशी लढलं तर मात्र अख्खी अमेरिका तिकीट काढणार. लुईचा प्रमोटर माइक जेकब्स हे जाणून होता. गोल्डनं त्याच्याकडून मोठी बिदागी कबूल करून घेतलीच, वर आणखी एक गोष्ट मागितली: ब्रॅडॉक हरला तर पुढची दहा वर्षं हेवीवेट किताबाच्या लढतींतून जेकब्सला जो नफा होईल, त्याचे दहा टक्के ब्रॅडॉकच्या पदरात. जेकब्सनं कबूल केलं. आपला माणूस हरेल तेव्हाच फळणारा असा करार करणाऱ्या मॅनेजरला शहाणा म्हणायचं की आणखी काही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला तो आवडला.

गार्डन कंपनी कोर्टात गेली. नेवार्कच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश होते गाय फेक. (नाव देवनागरीत लिहिलं की भलतंच वाटतं, पण खरंच तसं होतं.) दुसऱ्या कोणाशीही लढायचं नाही अशी जी अट करारात होती, ती ब्रॅडॉकवर लादता येणार नाही, असा त्यांनी निकाल दिला. अपिलातही तोच राहिला.

३ जून १९३७ ला श्मेलिंग न्यूयॉर्कमध्ये वजन द्यायला हजर झाला. काट्यावर उभा राहिला. समोर कोणी नव्हतं. कमिशननं ब्रॅडॉकला आणि गोल्डला हजार-हजार डॉलर दंड केला, आणि विषय संपला. एकोणीस दिवसांनी, २२ जूनला, शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये, म्हणजे न्यूयॉर्क कमिशनचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, ब्रॅडॉक आणि जो लुई समोरासमोर आले.

भाच्याला एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे श्मेलिंगला फसवलं."

हो, फसवलं. इथे गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. ज्यानं लुईला हरवलं तो दारात, आणि ज्याला हरवलं तो घरात. आमच्या यात्रेत असं झालं असतं तर पब्लिकनं मैदान सोडलं असतं. शिवाय श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद नव्हता, त्याचा अमेरिकन मॅनेजर जो जेकब्स ज्यू होता (माइक जेकब्सशी नातं नाही), आणि त्याला सोडून द्यायचा दबाव असूनही त्यानं सोडलं नव्हतं. पण मग मी पोराला एक दुसरं नाव सांगितलं. हॅरी विल्स.

विल्स काळा. १९२० च्या दशकात जॅक डेम्प्सी जगज्जेता असताना वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर. त्याआधी जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता होऊन गेला होता, १९०८ ते १९१५. १९१० मध्ये त्यानं रेनो इथे गोऱ्यांच्या लाडक्या जेफ्रीजला हरवलं, तेव्हा अमेरिकेत शहराशहरांत दंगली झाल्या, माणसं मेली. ती लढत भरवणारा टेक्स रिकार्डच पुढे डेम्प्सीचा प्रमोटर. तो पुन्हा त्या वाटेला जायला तयार नव्हता. १९२५ मध्ये दुसऱ्याच एका प्रमोटरबरोबर डेम्प्सी-विल्स करारावर सह्या झाल्या. विल्सला आगाऊ रक्कम मिळाली, डेम्प्सीचे पैसे काही त्या प्रमोटरला उभे करता आले नाहीत, आणि लढत तिथेच मेली. १९२६ मध्ये न्यूयॉर्क कमिशननं सांगितलं की आधी विल्सशी लढा. तेव्हा रिकार्डनं काय केलं? डेम्प्सी-टनी लढत उचलून फिलाडेल्फियाला नेली. एक लाख वीस हजार माणसं जमली. विल्सला किताबाची लढत कधीच मिळाली नाही.

म्हणजे कमिशन सांगतंय एक आणि लढत दुसऱ्या राज्यात दुसऱ्याशीच, हा डाव १९३७ मध्ये नवा नव्हता. तोच डाव, फक्त यावेळी दाराबाहेर राहिलेला माणूस गोरा होता. १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यापासून १९३७ पर्यंत, बावीस वर्षं, एकाही काळ्या माणसाला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं नव्हतं. लुईला ती संधी मिळावी म्हणून त्याच्या मॅनेजरांनी त्याला नियम घालून दिले होते: गोऱ्या बाईबरोबर फोटो नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे बघून हसायचं नाही, वगैरे. जॉन्सननं जे जे केलं ते ते नाही. इतकं सगळं पाळून शेवटी दार उघडलं ते गोल्डच्या दहा टक्क्यांनी.

आणि जॉन्सनचंही सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट फारच सोपी होते. किताब हातात असताना सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्ही या नावाजलेल्या काळ्या बॉक्सरांशी तो लढला नाही. गोऱ्यांशी लढण्यात पैसे जास्त होते. १९१३ मध्ये पॅरिसला जिम जॉन्सन नावाच्या एकाशी लढला तेवढंच. लँगफर्डसारख्याला त्या काळात गोऱ्यानं टाळलं आणि काळ्यानंही.

शिकागोत पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकनं लुईला खाली पाडलं! क्षणभर वाटलं असेल, सिनेमा पुन्हा सुरू झाला. लुई उठला आणि मग हळूहळू त्यानं ब्रॅडॉकला कापत नेलं. सातव्या फेरीनंतर गोल्ड लढत थांबवायला निघाला, तेव्हा ब्रॅडॉक त्याला म्हणाला की थांबवलीस तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. आठव्यात लुईचा उजवा बसला. ब्रॅडॉक तोंडावर पडला आणि उठला नाही.

भाच्याला वाटलं, झालं. पण लुईला तसं वाटलं नाही. श्मेलिंगला हरवेपर्यंत मला जगज्जेता म्हणू नका, असं तो सांगत राहिला. म्हणजे ज्याच्यासाठी दुसऱ्याचा हक्क डावलला गेला, त्याला स्वतःलाच ते सलत होतं. प्रमोटर लोकांना अर्थातच सलत नव्हतं. श्मेलिंग वेल्सच्या टॉमी फारशी लंडनमध्ये लढायची बोलणी करत होता, तर माइक जेकब्सनं फारलाच उचलून ऑगस्टमध्ये लुईसमोर उभं केलं. श्मेलिंगच्या हातून दुसऱ्यांदा लढत गेली.

शेवटी २२ जून १९३८ ला, ब्रॅडॉकच्या लढतीला बरोबर एक वर्ष झाल्यावर, यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजार लोकांपुढे ते दोघे भेटले. एकशे चोवीस सेकंद. श्मेलिंग तीनदा खाली गेला. हा निकाल सगळ्यांना माहीत असतो. १९३७ च्या जूनमधला तो रिकामा काटा फार कोणाला माहीत नसतो.

"मग श्मेलिंगनं १९३७ मध्ये ब्रॅडॉकला हरवलं असतं का?" भाचा. मला वाटतं, हरवलं असतं. आणि किताब जर्मनीला गेला असता, गोबेल्सनं त्याचं काय केलं असतं ते सांगायला नको. बहिष्कार घालणाऱ्यांचं बरोबर होतं, श्मेलिंगचंही बरोबर होतं, आणि ठरवलं मात्र दोघांचं न ऐकता तिसऱ्यानंच. त्याच श्मेलिंगनं १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये, ज्यूंची दुकानं-घरं फुटत असताना, दोन ज्यू मुलांना बर्लिनच्या हॉटेलातल्या आपल्या खोलीत लपवून ठेवलं. त्याबद्दल कित्येक वर्षं तो कुठे बोललाही नाही. युद्धानंतर तो आणि लुई मित्र झाले.

किताब मिळाल्यावर लुईनं तो पंचवीस वेळा राखला, १९४९ मध्ये निवृत्त होईपर्यंत. त्यात १९३९ च्या जानेवारीत त्यानं जॉन हेन्री लुईस या काळ्या बॉक्सरलाही संधी दिली.

ब्रॅडॉक पुढे बांधकामाच्या अवजड यंत्रांवर काम करायचा. न्यूयॉर्कचा व्हेराझानो पूल बांधणाऱ्यांत तोही होता. भाच्यानं लगेच मोबाईलवर त्या पुलाचा फोटो काढून दाखवला आणि म्हणाला, "हे सिनेमात का नाही दाखवलं?" तेवढ्यात पाऊस थांबला आणि तो बॅट घेऊन खाली पळाला.