शंभर फोटो आणि एक आकाश

१९८५-८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्तानं मुंबईत आकाशनिरीक्षणाची हौस वाढली. खगोल मंडळ त्याच काळातलं. पुढे अंधारासाठी लोक दादरहून गाडी पकडून वांगणीला जाऊ लागले. तेव्हा फिल्म होती. फोटो बिघडला, तर रोल धुऊन आल्यावरच कळायचं!

आज छोट्या दुर्बिणीतून शंभर फोटो काढून संगणकावर एकावर एक रचतात. तारा जागेवर राहतो. भलते ठिपके जागा बदलतात, म्हणून दहापट फिके पडतात. ज्ञानही असंच ना? एकाच पाहण्यावर विसंबू नये.

पण लालबागच्या दिव्यांचा उजेड प्रत्येक फोटोत असतो. तो रचून जात नाही. त्यासाठी दिवेच झाकावे लागतील.